जाळीआडचं हसू

सैतानाशी घासाघीस करणाऱ्या म्हातारीचा तो नवा विनोदी सिनेमा कुणीही बघायचा नाही, असं गावचे धर्मगुरू कुरियाकोस अच्चननी रविवारी चर्चमध्ये गावाला बजावलं होतं. साहजिकच, शनिवारी पापकबुलीला ही भलीमोठी रांग लागली.

"अच्चन, बघितला. चुकलं माझं," जाळीपलीकडून एकेक जण सांगे आणि लगेच पुढे, "पण उत्तरार्ध जरा रेंगाळतो हं!" अच्चन प्रत्येकाला तीन प्रार्थनांचं प्रायश्चित्त देत आणि हसू गालातच दाबत.

मग मासे विकणारी म्हातारी रोसम्मा आली. "अच्चन, सैतान त्या म्हातारीकडे आत्मा मागतो ना, तर ती म्हणते, 'सुटा नाही मिळायचा. नवऱ्यासकट न्यावा लागेल.' सैतान आत जाऊन नवऱ्याला बघून येतो आणि हात जोडतो, 'राहू दे बाई, उपाशी राहीन!' अच्चन, मला आमचा नवरा औसेपच आठवला हो!"

अच्चनना राहवलं नाही. सगळ्या चर्चभर घुमेल असे ते खदाखदा हसले.

डोळे पुसून त्यांनी जाळीला कान लावला. "पुढचं कोण? बोल." जाळीपलीकडे कुणी नव्हतं. बाहेर येऊन बघतात तर रांग संपलेली, बाकावर एकटी रोसम्मा जपमाळ घेऊन बसलेली.

"माझ्यामागे वर्की होता, अच्चन. त्यानेच जीप मागे घेतली तेव्हा त्याचा पोरगा चाकाखाली गेला, त्यानंतर अकरा वर्षांनी आज पहिल्यांदा चर्चची पायरी चढला होता."



रोसम्माने दाराकडे बोट केलं. "तुमचं हसणं ऐकून म्हणाला, 'आत पापांवर हसतात होय?' आणि गेला."