बादलीतला आकडा

तिसऱ्या दिवशीही आकडा लालच आला. प्रवीणने बादलीतून सेन्सरची दांडी वर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा पाण्यात सोडली. पाणी नितळ होतं, बादलीचा तळ स्पष्ट दिसत होता. भिंतीवरचं यंत्र मात्र लाल दिवा लावून बसलं होतं.

खालापुरातल्या या रंगाच्या कारखान्यात सांडपाण्याचं खातं प्रवीणकडे होतं. नवा नियम आला होता. बाहेर सोडायच्या पाण्यात सेन्सर बुडवून ठेवायचा आणि त्याचे आकडे दर पंधरा मिनिटांनी थेट प्रदूषण मंडळाकडे जायचे. म्हणजे यंत्रच चुगली करणार. मॅनेजर ओमकार साहेबांनी त्यावर झकास तोडगा काढला. सेन्सर नाल्यातून उचलून एका कुलूपबंद खोलीत स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवला. कारखान्याचं खरं पाणी मागच्या आवारातल्या आटलेल्या बोअरमध्ये सोडून दिलं. नाला कोरडा, वास नाही, तक्रार नाही. जमिनीखाली डोकावायला कोण येतंय?

पहिल्या आठवड्यात बादलीत जारचं पाणी होतं. आकडे इतके गोजिरे आले, की मंडळाच्या संगणकालाच संशय आला आणि साहेबांना खुलासा लिहावा लागला.

"जारचं नको रे," साहेब म्हणाले. "विहिरीचं आण. खरं वाटलं पाहिजे."

तेव्हापासून प्रवीण रोज सकाळी गाडीला कॅन अडकवून विहिरीचं पाणी आणायचा आणि बादली भरायचा. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. रोजच्या वहीत सही त्याची, कौतुक साहेबांचं.

आता साहेबांचा सूर बदलला होता.

"मंडळाची माणसं आज येतायत. आकडा खाली आण. आणि लक्षात ठेव, वहीत सही तुझी आहे. केस झाली तर आत तू जाशील."

प्रवीणला तुरुंगापेक्षा वेगळीच भीती होती. त्याच्या बायकोला, हर्षलाला, सातवा महिना लागला होता. चार वर्षांपूर्वी पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा तो पाळीवर होता आणि घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. या वेळी तिच्याजवळ राहायचंच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. आठवड्यापूर्वी कर्जतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, तिला भरपूर पाणी पाजा. घर कारखान्यापासून पाच मिनिटांवर. तेव्हापासून प्रवीण दुपारी जेवायला घरी जायचा आणि तिच्यासमोर तांब्या घेऊन बसायचा.

त्या दुपारीही तो बसला.

"अवो, मळमळतंय. नाय जात," हर्षला म्हणाली.

"या दिवसांत व्हतंच गं तसं. आणखी एक तांब्या. बाळासाठी पी."

"काल परास आज जास्ती फडफडतंय पोटात. मग गप व्हतंय."

"खेळतंय ते. पी बघू."

तिने डोळे मिटून तांब्या संपवला. प्रवीणला बरं वाटलं. दिवसभरात त्याच्या हातून धड झालेलं तेवढंच एक काम होतं.

परत येताना त्याने गेटवर गोमाला धरलं. गोमा वरच्या वाडीतला, वॉचमन. गेल्या महिन्यात प्रवीणने त्याची तक्रार केली होती, तो राग असणारच.

"गोमादादा, खरं सांग. बादलीत काय टाकलंस?"

गोमाने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मी त्या खोलीत पाय नाय ठेवत रं. तूच पानी आनतोस, तूच वततोस. कुलूप पन तुजंच."

ते खरं होतं. कुलूप त्यानेच परवा बदललं होतं. बादली दोनदा घासली होती. ठाण्याहून आलेल्या माणसाने यंत्र तपासून सकाळीच सांगितलं होतं, मशीन ठणठणीत आहे. तरीही आकडा रोज थोडा वरच चढत होता.

तीन वाजता मंडळाची जीप आत शिरली. साहेब नेमके मीटिंगला निघून गेले होते. जीपमधून ऋतिका मॅडम उतरल्या. वय तिशीच्या आतलं, बोलणं मोजकं. त्यांनी नाला पाहिला, कोरडा होता. मग खोली उघडायला लावली आणि बादलीपाशी थांबल्या.

प्रवीणच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, चूक झाली. साहेबांनी सांगितलं तसं केलं. माजी बायको गरवार हाय, मला आत नका टाकू."

मॅडमनी पेटीतून बाटली काढली, बादलीतलं पाणी भरलं, दोन थेंब औषध टाकलं. पाणी गर्द जांभळं झालं. त्यांनी ती बाटली ओतून दिली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा जांभळंच.

"सेन्सर बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "या बादलीत विष आहे."

"शक्यच नाय! यात कंपनीचा एक थेंब नाय, आईशपथ. ते सगळं तिकडं बोअरमध्ये जातं."

मॅडमचा चेहरा उतरला. "बोअरमध्ये? किती दिवस?"

"दीड वर्ष झालं. पन हे पानी वायलं, मॅडम."

"केस होईल ती होईल. आधी हे सांगा, हे पाणी कुठून भरता तुम्ही?"

एवढ्या वेळात प्रवीणला पहिल्यांदाच हायसं वाटलं. आता तरी मॅडमना पटेल, म्हणून तो घाईघाईने बोलून गेला.

"घरामागच्या विहिरीचं हाय, मॅडम. एकदम चांगलं पानी. बायकोला मी सवता पाजतो, दिवसाला आठ तांबे."