वेड्याचा नकार

"अरे, नाही म्हण त्यांना," सुकदेव सरांनी हातातली वही टेबलावर आपटली.

झुलाल मान खाली घालून उभा राहिला. समोर बन्सीलाल साहेब, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, अंगावर कापूस चिकटवलेला झारचा कोट.

दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत त्या वर्षी चक्क रशियन ऑपेरा बसत होता. शाळेतल्या सुकदेव सरांनी रशियाहून येणाऱ्या गुळगुळीत मासिकात त्याचे फोटो पाहिले होते. तिकडे शंभर माणसांचा कोरस आणि खऱ्या घंटा. इथे कोरसला चौदा जण जमले आणि घंटांच्या जागी भंगारातले पाइप टांगले. गोष्ट मात्र तीच. लहानग्या राजपुत्राचा खून पचवून गादीवर बसलेला झार. त्याला झोप येत नाही. शेवटी तो रस्त्यावरच्या एका वेड्यापुढे हात जोडतो, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणतो. वेडा भर चौकात त्याला नाही म्हणतो.

पंचाईत एवढीच, की झार झालेले बन्सीलाल वीज केंद्रात ज्या विभागाचे साहेब, त्याच विभागात वेडा झालेला झुलाल मदतनीस. त्याचा गळा असा, की तालमीला आलेल्या बायका भाजी निवडायच्या थांबत. पण त्या एका शब्दापाशी आला की आवाज बसायचा.

"साहेबले नही कसं म्हनू, सर?" तो धुळ्याकडच्या बोलीत पुटपुटायचा.

बन्सीलालनी त्याला चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला. झारचं शेवटचं गाणं त्यांच्या फार जिवाचं होतं, आणि वेड्यानं झिडकारल्याशिवाय ते रंगणार नव्हतं.

"इथे मी तुझा साहेब नाही रे. मी झार आहे."

"मंग तं आखो भ्याव वाटस," झुलाल आणखीच घाबरून म्हणाला.

जळगावला नाट्यस्पर्धेचा दिवस उजाडला. पहिल्या अंकात पाइप वाजले तेव्हा मागची रांग हसली. मग चौकाचा प्रवेश आला. बन्सीलालनी हात जोडले आणि मनातल्या मनात नशिबाला बोल लावला.

झुलालनं मान वर केली. सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "तुझ्यासाठी प्रार्थना होणार नाही."

ओरडला नाही, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. बावीस वर्षांच्या नोकरीत खालच्या माणसानं बन्सीलालना असं तोंडावर कधी नाकारलं नव्हतं. ते बसवलेले हातवारे विसरले. गुडघे आपोआप टेकले. गाणं सुरू झालं ते कुठल्या तरी खोल जागेतून, जरा बेसूर, पण परीक्षकांची पेन्सिल कागदावरून उचलली गेली. मागची रांग आता हसत नव्हती.

दुसरं बक्षीस मिळालं. रंगपटात खोबरेल लावून रंग पुसता पुसता बन्सीलालनी झुलालला जवळ ओढलं.

"आज कसं काय जमलं रे तुला?"

"तीन रोज झाले, कोळसा विभागमा बदली मांगी लिधी," झुलाल लाजत म्हणाला. "आते तुम्ही मना साहेब नहीत."

बन्सीलालचा हात थांबला. त्यांच्या स्वच्छ, पंख्याखालच्या विभागातून कोळशाच्या धुळीत कोणी आपणहून जात नसे.

"एका शब्दासाठी? आणि मला न विचारता? मी सोडलं असतं का तुला?"

"अर्ज तुमनाच टेबलवर व्हता, साहेब. न वाचताच सही करी दिन्ही तुम्ही."