वर्दीतला फोटो

कर्तव्यावर प्राण गमावलेल्या पोलिसांसाठी वेबसाइटवर स्मृतिपानं तयार होत होती. त्यातल्या एका हवालदाराची बायको नवऱ्याचं पान बघायला आली. वर्दीत छाती काढून उभा असलेला त्याचा फोटो बघून तिनं मान हलवली आणि मोबाइलमधला दुसरा दाखवला. त्यात तो बनियनवर खुर्चीत रेलून खदाखदा हसत होता.

"वहिनी, हा शोभणार नाही तिथं," पानांचं काम बघणारे पोलीस साहेब म्हणाले.

"साहेब, त्या वर्दीतल्या फोटोत यांनी पोट आत ओढून श्वास रोखलाय. फोटो झाल्यावर किती वेळ धापा टाकत होते. आता कायमचं तसंच उभं ठेवणार का त्यांना?"

साहेबांनी वर्दीतला फोटो पुन्हा एकदा निरखून बघितला.

"हाच लावा," त्यांनी कॉम्प्युटर ऑपरेटरला सांगितलं, आणि वहिनी आल्यापासून आत ओढून धरलेलं स्वतःचं पोट हळूच सोडून दिलं.