लेबल काढलेली बाटली

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी शिंप्याने कापड बेतायच्या टेबलावर एक बाटली ठेवली. तिच्यावर लेबल नव्हतं.

"आज माल माझा," तो म्हणाला. "ओळख बघू, चाख्या."

चाख्याने बाटली हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिली.

हे नाव त्याला याच टेबलावर पडलं होतं. कमी अल्कोहोलची बिअर बनवणाऱ्या कारखान्यात तो अकरा वर्षं चव तपासायच्या कामावर होता. दर शनिवारी तो नव्या चवीच्या दोन बाटल्या घेऊन यायचा आणि चौघांत त्या पुरायच्या. शिंप्याचा हात कापडावर हलता कामा नये, वायरमनला सकाळी शिडी चढायची असे, आणि शाळेची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मास्तरांना हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. "ह्यात नशा शोधायची तर बादली लागेल," असं वायरमन दर शनिवारी म्हणायचा आणि दर शनिवारी चौघंही हसायचे. पहिला घोट चाख्याचा. त्याने 'भिजवलेली मनुका' म्हटलं की मग उरलेल्या तिघांना मनुका सापडायची.

आठ महिन्यांपूर्वी त्याला ताप आला. ताप उतरला आणि वास गेला. जिभेला गोड, कडू, आंबट कळायचं. बाकीचं सगळं नाकाबरोबर गेलं. घरी तो एकटाच. दूध करपलं की डोळे चुरचुरल्यावर कळायचं. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. कारखान्यात चाखण्याआधी हातात कागद यायचा, कशात काय घातलंय त्याचा. तो पाठ करायचा आणि डोळे मिटून म्हणून दाखवायचा. शनिवारीही तेच.

नव्या व्यवस्थापकाने कागद बंद केला होता. सोमवारी सकाळी दहापासून नुसते ग्लास, वर नंबर घातलेले.

ह्या तिघांसमोर आज निभलं, तर सोमवारीही निभेल, असं चाख्याने मनाशी ठरवलं.

शिंप्याने झाकण उडवलं. वायरमनने उठून खिडकी उघडली.

आतल्या खोलीतून शिंप्याच्या बायकोचा आवाज आला. "अहो, काही जळतंय का?"

"काही नाही गं! इस्त्री!"

चाख्याने नाक जरा वर केलं, दोनदा हुंगलं. "इस्त्रीच, वहिनी!" तो ओरडून म्हणाला.

शिंपी ओतता ओतता थांबला. मग त्याने ग्लास भरून पुढे सरकवला.

बिअर फिकट होती, गढूळ. फेस दाट. चाख्याने घोट घेतला. थंड. थोडी गोड, मागून कडवट. बाकी काही नाही. पण असा गढूळ रंग गव्हाच्या बिअरला येतो, आणि गव्हाच्या बिअरमध्ये बहुतेकदा काय घालतात ते त्याला अकरा वर्षांनी पाठ होतं.

"संत्र्याची साल," तो डोळे मिटून म्हणाला. "आणि अगदी शेवटी, जरासे धणे."

त्याने डोळे उघडले. वायरमन मास्तरांकडे बघत होता. मास्तरांनी आपला ग्लास उचलला, घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"साल आहे खरी," मास्तर म्हणाले.

"अगदी!" वायरमन घाईने म्हणाला. "मी म्हणणारच होतो. साल!"

"आणि धणे," शिंपी म्हणाला. "धणे तर काय, लपतच नाहीत."

चाख्याला एकदम हलकं वाटलं. तो मोठ्याने हसला, वायरमनच्या पाठीत त्याने धपका घातला. मास्तरांनी शाळेतल्या फुटलेल्या काचपात्राची गोष्ट सांगितली, ती त्यांनी मागच्याच महिन्यात सांगितली होती, आणि तो पुन्हा पोट धरून हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला सोमवारची भीती वाटेनाशी झाली.

"ग्लास मी विसळतो," तो म्हणाला. "दुसरी काढून ठेवा."

मोरीत पाण्याची बादली होती. दोन लेबलं तिच्यात तरंगत होती, सोलून निघालेली. त्याने वरचं उचललं. कारखाना दुसराच होता. 'गव्हाची बिअर. अल्कोहोल अर्धा टक्का. लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या धान्याची. बाटली उघडताच धुराचा वास दरवळेल.'

त्याने खालचं उचललं. तेही तेच.

त्याने ग्लास विसळले. बाहेर तिघं हळू आवाजात बोलत होते.

परत आला तेव्हा त्याची नजर भिंतीकडे गेली. इस्त्री खिळ्याला टांगलेली होती, वायर नीट गुंडाळून. त्याने ग्लास टेबलावर मांडले. एक लेबल त्याच्या मुठीत होतं, त्याचं पाणी मनगटावरून ओघळत होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "पहिली कशी लागली हो तुम्हाला? खरं सांगा."

मास्तरांनी त्याच्या मुठीकडे पाहिलं. पाणी टेबलावर टपकत होतं.

"तू सांगितलीस तशीच," ते म्हणाले.

शिंप्याने खाली बघत ओपनर उचलला. त्याने झाकणाला हात लावायच्या आधीच वायरमन उठला आणि त्याने दुसरी खिडकीही उघडली.