कोपऱ्यातला हात

"पुसून टाक सगळी," माई म्हणाली. "एकसुद्धा ठेवू नकोस."

चिमणीचा हात संगणकावर थबकला. लग्न झालं, दोन मुलांची आई झाली, तरी या घरात ती चिमणीच होती.

"अगं आई, बालचित्रपट महोत्सवाच्या संयोजकांनी मुद्दाम मागितलीत. सिनेमा कसा बनला ते उद्या मुलांना दाखवायचंय. बाद झालेली चित्रं बघायला मुलांना गंमत वाटते."

"तुझ्या बापाची गंमत नाही व्हायची."

खोलीच्या मधोमध टेबल तसंच मांडलेलं होतं. पुठ्ठ्याची टेकडी, कापसाचे ढग आणि लोकरीचा हत्ती. एके सकाळी या हत्तीची सावली त्याला सोडून पुढे निघून जाते आणि तो तिला शोधत फिरतो, एवढीच चिमणीच्या बाबांची, नानांची, गोष्ट. हत्ती केसभर हलवायचा, हात बाहेर घ्यायचा, चित्र काढायचं. पुन्हा केसभर हलवायचा. अशी हजारो चित्रं भराभर पळवली की पडद्यावर हत्ती चालायला लागतो. नानांनी जन्मभर हेच केलं. बाहुली ते हलवायचे, कॅमेऱ्याची कळ माई दाबायची.

दोघांची ओळखही एका स्टुडिओत अशाच टेबलावर झाली होती. तिथल्या मालकाला कामात बोललेलं खपत नसे. मग नाना टेबलापलीकडून मूठ पुढे करायचे आणि करंगळीपासून एकेक बोट उघडायचे. सगळ्यात शेवटी अंगठा. झालं फूल. अंगठा उघडल्याशिवाय खुडायचं नाही, असा नियम होता. माई कॅमेऱ्यामागून दोन बोटांनी हवेतच ते खुडायची आणि मालक ओरडायचा, "बाई, माश्या मारायचा पगार देतो का मी?" पुढे लग्न झालं आणि संसारातले रुसवेफुगवेही त्याच फुलावर मिटत गेले.

नानांना झटका आला तेव्हा वाचा गेली, लिहायला अक्षरंही जुळेनात, हात तेवढे वाचले. डॉक्टरांनी चिमणीला बाजूला घेऊन सांगितलं, "फार दिवसांची आशा धरू नका." नानांनी ते दाराआडून ऐकलं असावं. घरी आल्या आल्या त्यांनी सुई मागितली आणि हत्ती शिवायला घेतला.

बोलणं नव्हतं म्हणून नाना टेबलावर टकटक करायचे, की माईने कळ दाबायची. तिची नजर कायम हत्तीच्या डोळ्यांवर. कितीतरी दिवस बिनचूक काम झालं. मग एका संध्याकाळी दिवसभराची चित्रं बघताना तिला एका चित्राच्या कोपऱ्यात नानांची मूठ दिसली. एका हाताने टकटक केली, दुसरा बाहेर घ्यायचा राहिला.

"अहो, शिकाऊ पोरंसुद्धा असं करत नाहीत," ती हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हात. मग रोजच. माई आधी घाबरली आणि मग चिडायला लागली.

"रोज एक चित्र नासायचं," ती आता चिमणीला सांगत होती. "आणि दर वेळी त्याच डाव्या कोपऱ्यात. तिकडचं त्यांना दिसेनासंच झालं होतं बहुतेक."

"बाबा थकले होते गं."

"ते तुला माहीत, मला माहीत. हॉलभर लोकांना कशाला कळायला हवं? एवढा पक्का हात होता त्यांचा. आणि लोक म्हणणार, शेवटी म्हाताऱ्याचा हात गेला होता."

त्या दिवसांत शेवटचा प्रसंग तेवढा उरला होता. हत्तीला सावली भेटते, तो. नानांनी पाटीवर एक दार आणि दारात अडकलेली शेपटी काढून दाखवली होती. हत्ती गेला, शेपूट राहिलं! माई खूप दिवसांनी खळखळून हसली होती. पण त्याच संध्याकाळी पुन्हा हात दिसला आणि तिचा तोल सुटला.

"बास झालं. तुमच्याने आता होत नाही. उद्यापासून हत्ती मी हलवणार."

नानांनी जोरजोरात मान हलवली. मग एक बोट वर केलं. एक.

"एकसुद्धा नाही," माई म्हणाली.

नाना थोडा वेळ बोट तसंच धरून बसले. मग त्यांनी हत्ती उचलून तिच्या हातात दिला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. पुन्हा टेबलाकडे आले नाहीत. सावली हत्तीच्या पायाशी येऊन टेकली, तेव्हा ती खुर्ची रिकामी होती.

"पुसते," चिमणी डोळे टिपत म्हणाली. "पण एकदा बघू तरी दे. बाबांचा हात आहे तो."

"बघ काय बघायचं ते." माईने पाठ फिरवली आणि हत्ती फडक्यात गुंडाळायला घेतला.

बाद चित्रं चिमणीने तारखेप्रमाणे एका जागी जमवली होती. एकेक उघडायच्या ऐवजी सवयीने तिने सगळी चालवायची कळ दाबली.

"आई. इकडे ये."

"आता काय?"

"ये ना गं. पुन्हा लावते, सावकाश."

पडद्यावर हत्ती वेड्यासारखा उड्या मारत होता. आत्ता टेकडीवर, आत्ता ढगाखाली. प्रत्येक चित्र वेगळ्या दिवसाचं. डाव्या कोपऱ्यातला हात मात्र तसूभरही हलत नव्हता, थरथरत नव्हता. आधी नुसती मूठ. मग करंगळी हळूहळू उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. मग तर्जनी, सावकाश, पाकळीसारखी.

माईच्या हातातून फडकं गळून पडलं. तिने दोन बोटं पडद्याकडे नेली.

चित्रं संपली. अंगठा मिटलेलाच होता.