कुंपणापलीकडच्या बातम्या

सिरानुशआजी आर्मेनियन, मुरसलआजोबा अझरबैजानी. जॉर्जियातल्या आमच्या गावात दोघांच्या घरांमध्ये एकच कुंपण. तिकडे दोघांच्या देशांत लढाई पेटल्यापासून आजी येरेवानच्या आर्मेनियन बातम्या बघून यायची, आजोबा बाकूच्या अझरबैजानी, आणि कुंपणापाशी रोज जुंपायची.

“आधी गोळी तुमच्या लोकांनीच झाडली!”

“हे तुला तुमच्या खोटारड्या टीव्हीनं सांगितलं. आमचा कधी खोटं बोलत नाही!” आजोबा ओरडायचे.

आम्हा शेजाऱ्यांना टीव्ही लावायची गरजच पडत नसे.

एका संध्याकाळी मात्र आजी हळूच म्हणाली, “मुरसल, लढाई चाललीय ना, त्या टेकडीवर माझा नातू शिपाई आहे रे. आमचा टीव्ही गप्प आहे. तुमचा काय म्हणतो?”

टेकडीवर एकही जण जिवंत उरला नाही, असं बाकूवाले सकाळपासून सांगत होते.

आजोबांनी टोपी काढली, परत घातली. “आमचा टीव्ही? त्याचं काय ऐकतेस! एक नंबरचा खोटारडा.”

पुढच्या आठवड्यात नातवाचा फोन आला. आजी धावतच कुंपणापाशी आली. “मुरसल, पोरगा जिवंत आहे! तुझंच खरं, तुमचा टीव्ही खोटारडा!”

आजोबांनी बाहीनं डोळे पुसले आणि ते ओरडले, “ए, आमच्या टीव्हीला नावं ठेवायचं काम नाही!”