कंबर लचकली

कोपरगावच्या डॉक्टरांनी आदिनाथचा एमआरआय पाहून सांगितलं, "कमरेच्या खालच्या सांध्यांना सूज आहे. हा वाताचाच एक प्रकार, औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागेल." वडिलांनी, आप्पासाहेबांनी, त्याला बाहेर बसायला लावलं आणि डॉक्टरांपुढे हात जोडले.

"डॉक्टरसाहेब, कागदावर नुसतं कंबर लचकली म्हनून लिव्हा. पोराचं लग्न व्हायचंय."

डॉक्टर आधी चिडले, मग दिलं लिहून.

पुढच्याच रविवारी बापलेक सावेडीत मुलगी बघायला गेले. मुलगी, निकिता, मेडिकल कोडिंग करते, म्हणजे अमेरिकेतल्या पेशंटच्या फाइली वाचून प्रत्येक आजाराला त्याचा कोड देते, हे कळल्यावर आप्पासाहेबांच्या घशात पोहे अडकले. निकिताच्या आईचं कौतुक मात्र चालूच होतं. "आमची निकिता एका जागी बसायचीच नाही बघा. पायाला नुसती भिंगरी!"

मग दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. सोफ्यावरून उठताना आदिनाथनं हाताचा आधार घेतला, ते निकिताच्या नजरेतून सुटलं नाही. आप्पासाहेबांनी लगेच डॉक्टरांचा कागद पुढे केला, "कंबर लचकलीय जरा." गच्चीत दोन खुर्च्या मांडलेल्या असूनही ती उभीच राहिली. तिनं थेट विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर किती वेळ आखडलेली असते?"

आदिनाथनं 'काही नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण खोटं बोलवेना.

"अर्धा तास तरी."

निकितानं जिन्याकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.



"माझी तासभर. आईनं माझ्याही कागदावर लचकच लिहून घेतलीय."